घनश्यामशेठच्या गाडीची चेसिस

...अन् मी म्हणतो, ट्रक पाहायले आलेला माणूस आधी टायरले लाथ काहून मारते? लाथ मारून काय समजते राजेहो? डॉक्टर कधी पेशंटले लाथ मारून पाहते काय? पण नाही! जो येते तो लाथ मारते, मान हालवते अन् म्हणते, ‘माल चांगला आहे!’ अरे बाप्पा, खाली वाकून पाहा न! चेसिस पाहा, गाडीचा खालचा सांगाडा! माणूस खोटं बोलते, चेसिस खोटं बोलत नाही.

तुमाले सांगतो, मी काही बोलणारा माणूस नाही. मास्तरनं वर्गात उभं केलं का माहा आवाजच बसे, म्हणून नववीत शाळा सोडली अन् लाखांदूरले तुलाराम मिस्त्रीच्या दुकानात धानाच्या ट्रॉल्या वेल्ड कराले लागलो. ट्रॉली प्रश्न विचारत नाही. बरं चाललं होतं. मंग एक दिवस आमचे तांदळाचे व्यापारी घनश्यामशेठ दुकानात आले अन् म्हणाले, ‘तुलाराम, मले एक घर पाहिजे.’

मिस्त्री म्हणे, ‘शेठ, हे वेल्डिंगचं दुकान होय.’

‘अरे, चाकावरचं घर! मी अन् माही बायको देवकाबाई हिमालयात फिराले जाणार. जिथं रस्ता संपते न, तिथून आमचं सुरू! मोबाइलवर पाहिलं मी, लोक वाळवंटात गाडी उभी करून अंदर भजे तळून राहिले!’

आता मिस्त्रीनं तीस वर्षांत ट्रॉली अन् पाण्याची टाकी सोडून काही बनवलं नाही. त्याईनं सरळ माह्याकडं बोट केलं. ‘हा जीवन दिवसभर तेच व्हिडिओ पाहाते. चेसिस हाच निवडेल. अन् चुकला, तर उद्यापासून ह्या दुकानात पाय ठेवणार नाही!’ घ्या! पोट माहं, पैज त्याईची, अन् मले कोणी विचारलं बी नाही!

मंग पाहणी ठरली. हो, पाहणीच! दिघोरीले शेठच्या वावरात, पोहे, चहा, नारळ, वहिनी, साळे, सारेच हजर, जशी पोरगी पाहायले आले. नागपूरचा दलाल कमलेश दोन गाड्या घेऊन आला. एक दिसायले नवी कोरी, पांढरी, लांबलचक, मांगं दोन-दोन टायरच्या जोड्या. दुसरी मिलिटरीच्या लिलावातली, हिरवी, आखूड, जागोजागी रंगाचे पोपडे निघालेली, पण चारही चाकांत ताकद अन् मांगं एकेकच मोठा टायर. देवकाबाईनं पांढरीले कुंकू लावलं. हिरवीकडं पाहून म्हणाल्या, ‘अवं माय, हिच्या अंगावर काही मांस नाही!’ अन् साळ्यांनी... लाथ मारली. पांढरीच्या सहाही टायरले. एकेक करून.

मी दोन्ही गाड्यांच्या खाली टॉर्च घेऊन लोळलो. बाहेर निघालो तर पंधरा लोक माह्या तोंडाकडं पाहून राहिले. आवाज बसला! कसाबसा बोललो, ‘हिरवी.’

काय हासले राजेहो! कमलेश तर पोटच धरून बसला. ‘भाऊ, कितवी शिकला तू?’

आता मी कधी कोणाले उलटं बोललो नाही. पण मी नुकताच त्याच्या पांढरीच्या पोटाखालून आलो होतो, तिथं त्यानं गंज, जुनं वेल्डिंग, काय काय रंगाखाली झाकलं ते पाहून आलो होतो. म्हटलं, ‘नववी. तुमची गाडी कितवी शिकली? बांधीत उतरवून पाहू!’

बांधी म्हणजे आमचं धानाचं वावर, त्यातही दोन दिवस आधी चिखलणी झालेली. गुडघाभर लोणी! पांढरी मोठ्या ऐटीत उतरली, अन् मांगच्या दोन-दोन टायरच्या मधात चिखल असा भरला जसा करंजीत सारण. चाकं गोल गोल, गाडी जागच्या जागी. कमलेश काठावरून ओरडते, ‘हा चिखलच बरोबर नाही!’ ऐका! चिखल बरोबर नाही! मंग काय, हिमालयाले आधी फोन करून सांगायचं काय, का बावा चांगल्या क्वालिटीचा चिखल ठेवजो म्हणून?

मंग हिरवी उतरली. गुरगुरत गेली, अन् समोरचं एक चाक धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, चढलं, मांगचं उलट्या बाजूचं खाली बसलं, अन् अख्खी चेसिस अशी पिळली का साऱ्याईनं बोंबच मारली, ‘मुरगळली! मुरगळली! भंगार होय!’ मिस्त्री धावत आले. ‘काही हरकत नाही शेठ, चारही कोपऱ्याले पट्ट्या मारून टाइट करून टाकतो, अन् घराची पेटी वरून पक्की वेल्ड करतो, ट्रॉलीसारखी!’

अन् मी ओरडलो. मी! ‘हात नाही लावायचा तिले! मुरगळलीच पाहिजे ते! बैलबंडीच्या सांध्याले बापजाद्यांनी दोर कायले बांधला? वेल्डिंग नव्हतं म्हणून? नाही मिस्त्री! बांधीत बंडी हालली पाहिजे, म्हणून! टाइट बंडी पहिल्या धुऱ्यावर मोडते! पेटी तीनच जागी बसवा, एका जागी हालती ठेवा, चेसिस पिळू द्या, घर सरळ राहू द्या! माणूस खोटं बोलते, चेसिस खोटं बोलत नाही!’

तेवढ्यात हिरवी दुसऱ्या धुऱ्यावरून उतरून, सरळ होऊन, शेठच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. अन् पांढरी? ते ट्रॅक्टरनं ओढून काढली. कुंकवासकट.

शेठ म्हणाले, ‘हिरवी घेतली.’ मिस्त्रीनं माह्या खांद्यावर हात ठेवला, पहिल्यांदाच. झालं, जिंकलो न मी? असंच वाटलं मले!

मंग देवकाबाई म्हणाल्या, ‘चेसिस तुह्या मनाची, घर माह्या मनाचं.’ पाटा-वरवंटा आला, सागवानी देवघर आलं, लोणच्याच्या चार बरण्या, दोन पोते चिन्नोर तांदूळ, अन् हिमालयाचं पाणी बाधते म्हणून घरचं पाणी! ट्रक मोजायच्या धरमकाट्यावर गाडी नेली, देवकाबाईले बसवून. हिशोब केला, अन् हात जोडून सांगितलं, ‘बाई, ह्या चेसिसले आता आणखी साठच किलो झेपते. त्याच्यावर एक किलो नाही!’

शेठ म्हणे, ‘पाटा काढ.’

‘हो, काढा! अन् तिथं बर्फावर वाटू काय मिरच्या?’ एकेक सामान पाहिलं त्याईनं. सारंच गरजेचं. मंग सावकाश शेठकडं पाहिलं. शेठले धानाच्या काट्यावर उभं केलं. ब्याण्णव! मंग मले बलावलं. बावन्न.

‘जीवन चालते,’ बाई म्हणाल्या. ‘माह्या पोरावानी आहे. गाडी बी चालवेल. तुमी रेल्वेनं या.’

शेठनं माह्याकडं असं पाहिलं का मी त्याईचं घरच चोरलं. पण मी काय करू? खोटं वजन सांगू?

तर परवा निघणार आहो. आठच किलो शिल्लक आहेत, ते माह्या अंगावर चढू नाही म्हणून देवकाबाईनं आत्तापासून मले रात्रीचा भात बंद केला.