हिंदुरावांच्या विहिरीचं कुलूप

…आणि वर कुलूप! विहिरीला कुलूप, तुम्हाला सांगतो, सावकाराच्या तिजोरीला नसेल एवढं! किल्ली हिंदुरावांच्या करगोट्याला. दुधनीजवळ त्यांचा मळा, मळ्यात ही विहीर, आणि पाणी इतकं गोड की नाक्यावरच्या चहावाल्यानं साखर टाकणं सोडलं, तरी गिऱ्हाईक ओरडायचं, ‘आवं, साखर जरा कमी टाका की!’ खोटं वाटतंय? वाटू दे. पण पाणी नितळ, तळातला खडा मोजावा असं नितळ!

मग झाली तपासणी. भूजलवाल्या सई मॅडम बाटली भरून घेऊन गेल्या, त्या परत आल्या तोंड पाडूनच. “आप्पा, वरच्या उसातला युरिया पाझरून खाली उतरलाय. तान्ह्या बाळाला हे पाणी पाजायचं नाही. उकळूनसुद्धा नाही.” हिंदुराव बाईंकडे बघतात, पाण्याकडे बघतात… पाणी तर नितळ!

पण सरकार काय झोपलंय होय? विहीर राखायला निधी आला! बाईंचं म्हणणं साधं, वरच्या रानात खत कमी टाका, पीक घटेल त्याची भरपाई यातून घ्या. सरपंच महिपती उसळलेच, “न टाकल्याचं पैसं? आन् जमिनीच्या पोटातला खर्च कुणाला दिसनार वो, मॅडम? निधी कसा, दिसाय पायजे!” अख्खं गाव माना डोलवतंय, हिंदुराव सगळ्यांत जोरात, कारण वरचा ऊस कुणाचा? त्यांचाच की! झालं. कठडा आला, फरशी आली, लोखंडी जाळी, फाटक, उद्घाटनाला हलगी… आणि त्याच दुपारी उसाला पाण्याची पाळी आली म्हणून हिंदुरावांनी वर युरियाची पोती फोडली. रिकामी पोती धुतली कुठं? नव्या फरशीवर! काय स्वच्छ होती हो! पाणी बिचारं नितळच.

पंचमीला लेक आली, अपेक्षा, सोलापूरहून, कुशीत तान्ही पोर. त्यांच्या घरची रीत अशी, की लेकीचं लेकरू पहिल्यांदा उंबऱ्यात आलं की आजोबानं विहिरीच्या पाण्यात बोट बुडवून त्याच्या ओठाला लावायचं. हिंदुराव तांब्या घेऊन उभे. बोट बुडालं. पोरीनं चिमणीगत तोंड उघडलं. आणि बोट? बोट पुढं जाईना!

“लावा की, आप्पा,” लेक म्हणाली. “एका थेंबानं काय होतंय?”

त्यांनी बोट धोतराला पुसलं. परत पुसलं. “तुजी ती बाटली दे गं…”

विकतचं पाणी चाटून पोर खुदकन हसली हो! हिंदुराव मात्र तसेच विहिरीवर गेले नि कुलूप लावून आले.

“आप्पा, पानी कोन चोरतंय?” मी आपलं विचारलं.

“चोरांसाठी न्हवं रं,” ते म्हणाले, “नितळ दिसतंय की, कुनीबी पिईल. निधी वाया गेला म्हनू नगंस. जाळी केली विहीर आमच्यापासनं राखायला… आता ती आमाला विहिरीपासनं राखती.”