लॅटवियनचा तिसरा धडा

—नाही हो, टीव्ही नाही, लॅटवियन शिकायची सीडी आहे ती, थांबा, बंद करते. बसा ना सुलेखा, फ्लॅट काय, पाच मिनिटांत बघून होतो — सिंगापुरात, तेही क्लेमेंटीसारख्या भागात, भाड्याने इतका उजेड मिळतोय कुठे? काय सांगत होते — हां, तिसऱ्या धड्यातच अडकलेय. 'एस् ड्झेरु तेयु.' मी, पिते, चहा. आधी कर्ता, लगेच क्रियापद, चहा शेवटी! जोर द्यायचा तर शब्द हलवता येतात म्हणे, पण साधं बोलायचं तर असंच. मला नाही जमत. आपल्याकडे कसं, क्रियापद येईपर्यंत समोरच्याचा चेहरा बघून घेता येतो. मी 'रीगाला मी...' म्हणेपर्यंत माझा नवरा, प्रबोध, म्हणतो, 'येणारच की!' झालं माझं वाक्य.

त्याची इथल्या तुआसच्या ऑफिसातून रीगाला बदली झाली, हे मला कुठे कळलं माहितीये? इथल्या मराठी मंडळींच्या तिळगुळाला, स्टेजवर! माईकवरून जाहीर — 'प्रबोध आणि वल्लरी लॅटवियाला निघालेत, त्यांचा शाल-श्रीफळ देऊन निरोप!' टाळ्या वाजतायत, हातात नारळ — काय बोलणार? हसले. फोटोही काढला. आणि निरोपाचा नारळ घेतल्यावर राहायचं कुठल्या तोंडाने? वाईट नाहीये हो तो, हुरळून सगळ्यांना सांगत सुटला, मला विचारायचं तेवढं राहिलं. माझाच मला राग येतो. आमची आर्या बरी, 'आई, डोन्ट वॉन्ट लाह' म्हणून मोकळी झाली.

कुणाला सांगू नका हं — इथल्या एका बालवाडीत मला नोकरी देतायत. इतकी वर्षं घरात बसल्यावर! आज संध्याकाळपर्यंत कळवायचंय. प्रबोधला? नाही ना सांगितलेलं. तुम्ही फ्लॅट घेतलात की प्रश्नच मिटला — म्हणजे घ्या हो, छानच आहे, वारा येतो... पण बदली दोनच वर्षांची आहे. आम्हाला पीआर मिळालाय, इथे कायम राहता येतं. तो जाऊन येईल, आम्ही दोघी राहू — यात काय आभाळ कोसळतंय? नाही, पण म्हणणार कोण? गुदमरायला होतं मला, खरंच सांगते, नुसतं डोकं हलवत —

प्रबोध! कधी आलास?

सगळं ऐकलंस? ...बरं झालं.

सुलेखा, या तुम्ही आता. फ्लॅट आम्हाला द्यायचा नाहीये.