मागचा ब्रेक

मागे? ब्रेक मागे बसवून द्यायचा? हद्द झाली! अहो, या चाकाच्या खुर्चीत बसतं कोण – तुमचे वडील ना? मग त्यांचे हात पुढे आणि ब्रेक त्यांच्या पाठीमागे, हे डोकं कुणाचं? – सोयीचं पडेल म्हणे. कुणाला? तुम्हाला! तेच म्हणतोय मी. या दुकानात जो येतो तो स्वतःची सोय बघायला येतो. परवा एक बाई आल्या, सासूबाईंच्या कानातलं मशीन घेऊन – जरा आवाज बारीक करून द्या, त्यांना फारच ऐकू यायला लागलंय. म्हटलं, बाई, तुम्ही बोलणं बारीक करा की! त्याआधी एक साहेब, मेहुण्याला दिसत नाही, त्याचं बोलणारं घड्याळ मुकं करून हवं होतं – का, तर पाहुण्यांसमोर वेळ सांगतं. पाहुणे उठत नसतील तर सांगू दे की!

बसा. उलटी करतो खुर्ची. – काय? रोज दुपारी पळून जातात? पाय चालत नसलेला माणूस पळून जातो, आणि तुम्ही तक्रार करता? कौतुक करा! कुठे जातात कळत नाही म्हणे – डोंबल! इकडे या, वाका जरा. या पुढच्या लहान चाकाच्या आसाला काय गुंडाळलंय? केस. हे पांढरे, हे काळे, हे रंगवलेले – एका घरातले आहेत का हे? सलूनमध्ये जाऊन बसतात वडील तुमचे, चार माणसांत, गप्पा हाणायला. तुम्ही गल्ल्या पालथ्या घालताय आणि मला इथे चिमट्याने कळलं. उताराची भीती मला सांगू नका. ब्रेकचं रबर बघा, दोन्हीकडे सारखं झिजलंय. हात पक्का आहे त्यांचा.

मागे ब्रेक बसवता येतो, येत का नाही? मी बसवलाय. एकदाच. – कुणाला काय, आमच्या दादाला. थोरला भाऊ माझा. मलाही वाटलं होतं, पडेल, लागेल, आपल्याला कामं सोडून धावावं लागेल – हो, आपल्यालाच, खोटं कशाला बोलू. एक दिवस त्याला त्या खिडकीशी बसवला, ब्रेक लावला आणि गिऱ्हाइकाशी बोलत राहिलो. ऊन फिरलं, थेट त्याच्या तोंडावर. दोन तास. चेहरा लालबुंद. म्हटलं, अरे दादा, हाक का नाही मारलीस? तर म्हणतो कसा – ब्रेक तुझ्याकडे आहे, म्हटलं तुला आठवेल तेव्हा हलवशील. – त्याच दिवशी काढून पुढे बसवला. पण दादाने त्याला परत हात लावला नाही. शेवटपर्यंत नाही. मी नेईन तिथे जायचा, ठेवीन तिथे बसायचा. लाज वाटते हो मला अजून.

तुम्हाला कशाला सांगतोय मी हे. सरका, उजेड सोडा. केस काढले, तेल घातलं, झालं. ब्रेक आहे तिथेच राहील. – आणि एक सांगा. खुर्ची इथे आहे, मग वडील कुठे आहेत? पलंगावर? सकाळपासून? ... आणि मान खाली घालून इथे बसलाय काय! उचला ती खुर्ची. उचला आधी. दुपार झालीय, त्यांची निघायची वेळ झाली. व्हा चालते.