दोन खड्ड्यांचं शास्त्र

...नाही, मी म्हणतो, माती होणं ही काय शिकवायची गोष्ट आहे? संसाराची होते, अब्रूची होते, पण आमच्या परसातल्या खरकट्याची? माती काही होईना! तुम्हाला सांगतो, अटकेपार झेंडे लावणारं हे पुणं, आणि नारायण पेठेत या दिगंबरपंताला चार शितं आणि वांग्याची देठं मार्गी लावता येईनात!

बरं, मारू दे वास म्हणावं, तर भाद्रपदात वडिलांचं श्राद्ध. आणि शेजारचे श्रीधरशास्त्री चैत्रातच भिंतीवरून बजावून गेलेले... "पंत, हा दर्प असेतो आपण पानं मांडू नयेत. मी येणार नाही, आळीतला एकही ब्राह्मण येणार नाही." म्हणजे वडील वर उपाशी! कशापायी? दोडक्याच्या सालींपायी!

मग रांजण आणला. खरकटं भरलं, झाकण लावलं, वर शेण लिंपलं. महिन्याने उघडला मात्र... अहो, आमची ही दोन दिवस माजघराबाहेर आली नाही! आणि माती? काही होईना!

मग खड्डा खणला. खड्डा म्हटला की शास्त्रीबुवा आलेच, न बोलावता. "थांबा! देवाचं निर्माल्य, भाजीची देठं, हे सोवळं. पानातलं उष्टं ते ओवळं. दोन्ही एका खड्ड्यात? शिव शिव!" झालं, खणा दुसरा! सोवळ्या खड्ड्याकडे जायचं ते सोवळं नेसून, ओवळ्याकडून आलं की अंघोळ. श्रीमंतांनी कात्रजहून नळाने पाणी आणलं ते काय माझ्या टाळूवर ओतायला? आणि एवढं करून सोवळा खड्डा वाळून खडखडीत, ओवळ्यात नुसता पचपचाट. माती काही होईना!

शेवटी फुलं घालायला येणारा वारज्याचा दत्तोबा माळी वाकून दोन्ही खड्डे बघून हसला हो, माझ्या तोंडावर हसला! "पंत, वाळकं हिकडं, वलं तिकडं, मग कुजंल कसं? एक थर ह्याचा, एक थर त्याचा, वर मूठभर माती. ह्यात शास्तर कसलं हाय?"

शास्त्रीबुवा वाईला गेलेले पाहून केलं एकत्र! आणि काय सांगू... भाद्रपदापर्यंत काळीभोर माती, वासाचं नाव नाही! ब्राह्मण आले, शास्त्रीबुवा आले, जेवले, तृप्त झाले. कौलावर कावळ्याचा घास ठेवला... आणि कावळाच येईना! काव काव करून माझा घसा बसला. घरचे सगळे उपाशी. येईल कशाला तो? परसात उकिरडा उरलाय कुठे?

शास्त्रीबुवा ढेकर देत म्हणाले, "वडिलांची एखादी इच्छा राहिली असेल. पुरी करा, येईल."

आता इच्छा कसली? आमच्या वडिलांनी जन्मभर एकच काम नेमाने केलं... जेवण झालं की खरकटी पत्रावळ भिंतीवरून शास्त्रीबुवांच्या परसात भिरकावायची! मी काय करू, तुम्हीच सांगा? शास्त्रीबुवांच्या समोरची पत्रावळ उचलली, आणि दिली भिंतीपलीकडे.

एक नाही हो, सात कावळे आले! शास्त्र शास्त्रीबुवांचं, पत्रावळही त्यांचीच.