आप्पांचा क्लच

“यंत्र कधी खोटं बोलत नाही, माणूस बोलतो!” गॅरेजवाले लक्ष्मणराव गरजले आणि स्वतःची बंद पडलेली स्कूटर ढकलत बाजूला करू लागले. पंक्चर काढायला थांबलेल्या शालनबाईंनी कान टवकारले.

“रंगराव, तुमच्या या जुन्या मोटरसायकलची क्लच केबल इतकी ताणलीय, की क्लच कायम अर्धा दाबलेलाच. प्लेटा जळणार नाहीत तर काय?” लक्ष्मणरावांनी समोरच्या म्हाताऱ्याला सुनावलं.

“आप्पा, केबलला हात कुणी लावला?” रंगरावांच्या लेकीनं विचारलं.

“मीच, जयमाला. लिव्हर पुरता दाबवत न्हाई. बोटं मिटत न्हाईत.”

“मला का नाही सांगितलं?”

“तू गाडी इकली असतीस.”

“केबल ढिली करावीच लागेल, रंगराव. मग मात्र लिव्हर पार दाबावा लागतो. हं, दाबून दाखवा.”

लिव्हर अर्ध्यावरच थांबला. शालनबाईंनी उगाच दुसरीकडे पाहिलं.

“करा ढिली, काका. मी चालवेन. कंपनीत फोर्कलिफ्ट चालवते, हिचं काय एवढं?”

“आन् मी?”

“मागं बसायचं, आप्पा.”

“बसतो की. पन आपल्या कुरुळी गावच्या कमानीपाशी तेवढं मला फुडं बसू दे. तिथनं घरापतुर उतार हाय, क्लच लागत न्हाई.”