पारोळ्याचा निरोप

अठ्ठ्याण्णव साल. धुळे स्टँडवर पारोळ्याच्या रांगेत इंजिनिअरिंगचा भटू आणि त्याच्या गल्लीतले तोतारामआबा बोलत होते.

"माझ्या प्रोजेक्टात मध्ये टॉवर नाही, आबा! वायरलेस संच हातोहात निरोप पुढे देतात. पण दर निरोप सगळेच सगळ्यांना सांगत सुटतात. बॅटऱ्या संपतात!"

"बठ्ठासले एकदाच वाट ईचार. जो जवाब पहिले लई उना, मंग त्यालेच निरोप दे."

"म्हणजे सगळ्यांना फक्त वाट एकदा विचारायची, आणि ज्याचं उत्तर आधी आलं त्यालाच निरोप द्यायचा! आबा! सुटलं! मी कॉलेजात परत चाललो!"

भटू पळत सुटला आणि लांबून अख्ख्या रांगेला ओरडला, "अहो, कोणीतरी आमच्या घरी सांगा, आज मी येत नाही!"

आबांनी मागून हाक मारली, "अरे, बठ्ठासले कसाले सांगस? तुनी गल्लीना मी शे ना!"