कोरडी काठाई

बसा मंडळी, बसा. मीही बसलो असतो, पण कीर्तनकाराला ती सोय नाही! घसा बसलाय, पाय भरून आलेत, आणि प्रश्न तोच जुना – पाप कुणाचं? करणाऱ्याचं, की त्याच्याकडून करवून घेणाऱ्याचं?

नुसती मान डोलवू नका! ऐका.

एका गावात शिवाप्पा रंगारी होता. सूत रंगवायचा. रंगाचं उरलेलं पाणी? सोडलं ओढ्यात! आज ओढा लाल, उद्या निळा. म्हशी काठावर उभ्या – प्यावं की न प्यावं! हसताय? म्हशी नव्हत्या हसत.

शिवाप्पालाही ते टोचायचं. कारण यात्रेला ओढ्याकाठच्या काठाईला स्नान घालायचं, तर पहिली घागर शिवाप्पाच्या घरची, आणि पाणी त्याच ओढ्याचं. बाप, आजा, पणजा – सगळ्यांनी नेली. आणि हा? हा गुपचूप बाटलीतलं पाणी घागरीत ओतायचा! अहो, देवीला विकतचं पाणी!

शेवटी गेला किरणशेठकडे. शेठ त्याचं सूत घ्यायचे, टॉवेल विणून शहरात पाठवायचे, गावातही विकायचे.

"शेठ, पाणी शुद्ध करायची टाकी बांधतो. भाव जरा वाढवून द्या."

"मला काय हौस आहे, शिवाप्पा? दुकानदार वाढवत नाही."

दुकानदार म्हणतो, गिऱ्हाईक देत नाही. गिऱ्हाईक म्हणतं, मला कुठं ओढा दिसतो? झालं! सगळे साळसूद! पाप बेवारशी, चाललंय आपलं वाहत!

घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "थकलो गं गौरा. यंदा घागरीचा मान दुसऱ्याला देऊ."

"घागर द्याल हो. ओढ्याचं काय?"

तो उठला आणि कोपऱ्यातली घागर घासायला बसला.

यात्रा आली. गाभाऱ्यापुढं गर्दी, सगळ्यांत पुढं किरणशेठ. शिवाप्पानं घागर ठेवली. पुजाऱ्यानं तांब्या बुडवला – आणि थांबला. पाणी जांभळं!

"हे काय रे?"

"ओढ्याचं आहे. रीतीप्रमाणं." आवाज कसा? रडायचाही कंटाळा आलेल्या माणसाचा! "देवीला घालू नका. तीर्थ म्हणून वाटा. मी रंगवलं, शेठनी घेतलं, तुम्ही अंग पुसलंत. ज्याचा त्याचा वाटा घ्या."

आणि पहिली ओंजळ त्यानंच पुढं केली! गौरा धावली, मनगट धरलं – "प्यायचं नाही!"

दुसरा हात आला का, मंडळी? एकही नाही. किरणशेठचा तर मागं गेला, आणि तो मागं गेलेला त्यांनी स्वतःच पाहिला. खाली मान घालून म्हणाले, "टाकी बांध. निम्मा खर्च माझा. दुकानदाराशी मी भांडतो."

त्या वर्षी देवीचं स्नान झालं नाही. कोरडीच बसली माउली.

टाकी झाली. ओढा निवळला? एका टाकीनं? वरच्या अंगाला आणखी रंगारी आहेत बाबा! शिवाप्पा अजून दर यात्रेला घागर भरतो, ओंजळभर पाणी उजेडात धरून बघतो, आणि परत ओततो. तरी पुढच्या वर्षी पुन्हा भरतो.

आता तुम्ही. सदरा घेताना विचारता, रंग पक्का आहे ना? त्या रंगाचं पाणी कुठं सोडलं, हे विचारलंत कधी?

असो. थकलो. आरतीनंतर तीर्थ घेऊन जा. तुमच्याच ओढ्याचं मागवलंय मी.

का हो? हात मागं का गेले?